अठरा तास बसलेली मुलगी

३ मार्च २०२५, सोमवार

ही सहावी वही. आधीच्या पाच कपाटात पडून आहेत. प्रत्येकीची तीन पानं भरलेली, बाकी कोरी करकरीत. पहिल्या पानावर अक्षर लग्नपत्रिकेसारखं, तिसऱ्यावर कोंबडीचे पाय.

दवाखान्यातल्या मॅडम म्हणाल्या, रोज लिहा. काय सुटलं, काय हरवलं, वेळ कुठं गेला. "मला दाखवायचं नाही. तुमच्यासाठी लिहा." बरं झालं. दाखवायचं असतं तर खोटं लिहिलं असतं.

नंबर सत्तेचाळिसावा होता. तोवर मी फाईल रिक्षात विसरून, रिक्षामागं पळून, हात हलवत परत आले होते. लक्षणं वेगळी सांगायची गरजच पडली नाही! मॅडम हसल्या. पण हसून सोडून नाही दिलं. चांगला अर्धा तास विचारत होत्या. एक काम अर्धं टाकून दुसरं उचलता का? बोलणाऱ्याचं तोंड हलताना दिसतं पण शब्द पोचत नाहीत, असं होतं का? एखाद्या गोष्टीत शिरलात की जेवण-पाणी विसरता का? मी हो-हो म्हणत गेले. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवला. "एडीएचडी वाटतंय. आळस नाही हा. मेंदूची ठेवण तशी असते. औषध आहे याला."

आळस नाही! चोवीस वर्षांत पहिल्यांदा कुणी म्हणालं.

पण. 'पण' आहेच. "हे मोठेपणी उगवत नाही. बारा वर्षांच्या आधीपासून असावं लागतं. तेव्हाचं सांगणारं कुणीतरी घेऊन या. आई, वडील, शाळेतला एखादा कागद, काहीही. त्याशिवाय मी नाव लिहिणार नाही आणि गोळीही सुरू करणार नाही."

बाराच्या आधीचं! माझं बाराच्या आधीचं काय आहे ते अख्ख्या वसाहतीला पाठ आहे. भिंतीवर टांगलंय.

६ मार्च

दोन दिवस लिहायचं राहिलं. असो. तो फोटो.

विहारात शिरलं की डाव्या हाताला, पंख्याच्या बटणांच्या वर. दोन वेण्या, गळ्यात झेंडूचा हार, हातात प्रमाणपत्र, डोळे अर्धे मिटलेले. खाली पप्पांच्या अक्षरात— 'कु. करुणा कडुबा दाभाडे, वय ११. सलग अठरा तास अभ्यास. सन २०१२.' पप्पांचं अक्षर लांबून ओळखू येतं. आधी वरची रेघ ओढणार, पट्टी लावल्यासारखी सरळ. मग एकेक अक्षर तिला खाली टांगणार. एसटीच्या कार्यशाळेत तीस वर्षं पत्रे आखले, त्याची सवय. पेन कायम काळ्या शाईचा. निळ्याला ते पोरासोरांचा पेन म्हणतात.

बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, म्हणून जयंतीच्या आठवड्यात एक दिवस आमच्या विहारात सगळ्यांनी सलग अठरा तास बसायचं. पहाटे पाच ते रात्री अकरा. दर तासाला रजिस्टरवर सही. अठरा चौकटी भरल्या तर प्रमाणपत्र. पप्पांनी हे २००८ ला सुरू केलं. स्वतःही बसतात. नाईट स्कूलला शिकलेला माणूस, पोरांच्या पुढच्या रांगेत मांडी घालून. एकच वर्ष त्यांच्या काही चौकटी सहीविना राहिल्या—कुठं गेला होता म्हणून विचारलं की "काम होतं" एवढंच.

आणि मी म्हणजे त्यांचा नमुना. "आमची करुणा अकराव्या वर्षी बसली!" हे दर वर्षी माईकवर. दहावीला एक्क्याण्णव टक्के पडले—बसलेली पोरगी, पडणारच. बारावीत घसरले—बसणारी पोरगी, मोबाईलनं नासवली. वकिलीचा पाच वर्षांचा कोर्स माझा सहाव्या वर्षीही चालूच आहे. एकच विषय उरलाय, पुरावा कायदा. तीनदा नापास. "अठरा तास बसता येत होतं तुला. आता दोन तास बसवंना?" मीच स्वतःला रोज हेच विचारते.

त्या दिवसाचं मला फार आठवत नाही. पहाटेची घंटा, नव्या सतरंजीचा वास. मग एकदम हार आणि कॅमेऱ्याचा झगझगाट. मधलं सगळं कोरं. पप्पा म्हणतात, गुंग होतीस म्हणून आठवत नाही. खरं असेल. एक शेळीचा कान मात्र आठवतो. आतून गुलाबी, गरम. कुणीतरी धरू दिला होता. पण ते दुसऱ्याच कुठल्या तरी दिवसाचं असणार.

११ मार्च

पाच दिवस वही सापडत नव्हती. पिठाच्या डब्यावर होती. मीच ठेवली असणार, दुसरं कोण!

१५ मार्च

सुयशदादाच्या दुकानात आज तमाशा. औरंगपुऱ्यात त्याचं फ्लेक्सचं दुकान, मी तिथं बॅनर बनवते. वीस फुटी बॅनर, कुणा भाऊंचा वाढदिवस. मी मागच्या वर्षीची फाईल उघडली, फोटो बदलला, शुभेच्छुकांचे एकोणीस चेहरे बदलले, एकाची टोपीसुद्धा सरळ केली—आणि तारीख मागचीच ठेवली. छापून झालं. चौकात लागलं. भाऊ स्वतः दुकानात. "वाढदिवस होऊन गेला व्हय माझा?"

दादानं हात जोडले. ते गेल्यावर माझ्याकडं वळला. "क्या करुणा! चार बार देखा बोली थी ना?"

चार वेळा बघितलं होतं. खरंच बघितलं होतं. टोपी बघितली.

"काम लई भारी करतीस तू," दादा म्हणाला. "जवा करतीस तवा." याहून शिव्या परवडल्या.

१९ मार्च

आईला म्हणलं, दवाखान्यात चल. मॅडमना फक्त सांगायचं मी लहानपणी कशी होते.

आई भाकरी थापत होती. हात थांबला. "कशी म्हंजी?"

"म्हणजे वस्तू हरवायचे का, एका जागी बसायचे का, असं."

आईनं भाकरी तव्यावर टाकली. पाणी फिरवलं. उलटली. माझ्याकडं बघितलंच नाही. "लई गुणाची व्हतीस," म्हणाली, इतक्या घाईनं की जणू पाठ केलेलं. "मला अडाणीला काय इचारती डॉक्टरीण? तुझ्या पप्पाला ने. त्येच सांगतील काय सांगायचं ते."

पाचोडच्या बाजारात भाजीवाल्याला रडवणारी माझी आई—साळूबाईनं भाव केला की माणूस टोपली टाकून जातो—ती डॉक्टरला घाबरते? काहीतरीच.

२३ मार्च, रविवार

सकाळी वंदना. पप्पा पुढं, आम्ही मागं. पंचशील घेताना चौथ्या शीलाला त्यांचा आवाज नेहमी चढतो. खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन. कार्यशाळेत एकदा साहेबानं खोट्या नोंदीवर सही मागितली, यांनी दिली नाही, दोन वर्षं सोयगाव डेपोला बदली भोगली. वसाहतीत मान आहे तो फुकटचा नाही.

घरी आल्यावर सांगितलं. एका दमात, मधे थांबले असते तर राहिलं असतं. पप्पांनी चष्मा काढला.

"डोक्याच्या दवाखान्यात गेलतीस?"

"मनाच्या."

"तेच ते." चष्मा शर्टाच्या टोकाला पुसत राहिले. मग, "अगं, आपल्या लोकांना शिकू देत नव्हते म्हणून शिकायचं राहिलं. तुला कुणी अडवलंय? टेबल हाय, लाईट हाय, पंखा हाय. अकराव्या वर्षी अठरा तास बसलीस तू! पोरं अजून नाव घेतात तुझं. आन् आता तुला न बसायचा आजार झाला?"

मी म्हणलं, एकदा येऊन मॅडमना हेच सांगा. जे खरं आहे तेच सांगा. बास.

"येतो," म्हणाले. मला वाटलं जिंकले! केवढी मूर्ख.

२७ मार्च

यंदा अठरावं वर्ष. अठराव्या वर्षी अठरा तास, म्हणून कार्यक्रम जोरात. विहाराच्या समितीतला विश्वजीत फ्लेक्सची ऑर्डर घेऊन दुकानात आला. "ताई, तुमचाच फोटो मोठा टाका मधे. पोरांना प्रेरणा."

म्हणजे माझ्याच हातानं मी मला कापलं, गुळगुळीत केलं, मागं सोनेरी किरणं लावली. अकरा वर्षांची मी स्क्रीनवर चार फुटांची. अर्धे मिटलेले डोळे जवळून बघितले. गुंग वगैरे काही नाही—झोपेतून उठवलेल्या पोरीचे डोळे आहेत ते. असणारच, रात्रीचे अकरा वाजले होते.

या फ्लेक्सवर तारीख बरोबर टाकली. सहा वेळा तपासली.

३ एप्रिल, गुरुवार

लिहिते आणि संपवते.

पप्पा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. बगलेत कापडी पिशवी. मॅडमनी त्यांना 'बसा काका' म्हणलं, ते खुर्चीच्या कडेवर बसले. मॅडम नीट विचारत होत्या, अजिबात घाई नाही.

शाळेतून कधी तक्रार? "नाय."

वस्तू हरवायच्या? "पोरं हरवतातच की, मॅडम."

सांगितलेलं विसरायची, मधेच उठून जायची, घरातून कुठं निघून जायची असं काही?

इथं पप्पा थांबले. मला दिसलं—त्यांचा अंगठा पिशवीच्या बंदावर फिरत होता. मग त्यांनी पिशवीतून प्रमाणपत्र काढलं. माझं. २०१२ चं, लॅमिनेशन केलेलं. टेबलावर ठेवलं. "मॅडम, सलग अठरा तास बसलीय ही. वय वर्ष अकरा."

मॅडमनी ते वाचलं. दोनदा वाचलं. माझ्याकडं बघितलं, वाईट वाटल्यासारखं. म्हणाल्या, असं असेल तर मला थांबावं लागेल. आवडीच्या गोष्टीत अशी मुलं रमतात, पण घंटेवर उठून, सही करून, परत बसून सलग अठरा तास—हे बसत नाही त्यात. झोप, चिंता, दुसरं काही आहे का ते आधी बघू. चोवीस तारखेला या. गोळी आत्ता नको.

बाहेर आलो. पप्पांनी उसाचा रस घेतला, दोन ग्लास. "बघ, मॅडमच म्हणाल्या. काय नाय झालेलं तुला." चेहऱ्यावर पोरीचा ताप उतरलेल्या बापाची तसल्ली.

रस पिववला नाही. तोंडी पुरावा, वर कागदी पुरावा. तीनदा नापास झाले तरी एवढं कळतं—केस संपली.

४ एप्रिल

पप्पा बरोबर असतील तर मी फक्त आळशी आहे. लिहून टाकलं. आता वाचायला सोपं जाईल.

७ एप्रिल

यंदा रजिस्टर माझ्याकडं! पप्पांनीच सुचवलं. "जबाबदारी दिली की माणूस बसतं." दर तासाला रजिस्टर घेऊन रांगेतून फिरायचं, अठ्ठावन्न पोरांच्या सह्या घ्यायच्या. अठरा फेऱ्या. विश्वजीत म्हणाला, सोप्पं काम ए ताई.

नाही म्हणायला पाहिजे होतं. पण काय सांगणार—मला आजार आहे म्हणून? तो तर मॅडमनी चार दिवसांपूर्वीच काढून घेतला.

मोबाईलमध्ये अठरा गजर लावले. बसतात का बघू.

१३ एप्रिल, रविवार

काल झाला कार्यक्रम. झालं ते झाल्यासारखं लिहिते.

पहाटे पाचला घंटा. पप्पा यंदा बसले नाहीत. पाहुणे, मंडप, मिरवणुकीची परवानगी, सगळी धावपळ त्यांचीच. पहिले आठ तास मी चोख. घड्याळाकडं बघून बघून मान अवघडली, पण एक चौकट चुकली नाही. एक वाजता आठवी फेरी झाली. पोरं जेवून परत बसलेली, पंखे गरगरत होते. माझ्या पिशवीत पुरावा कायद्याचं पुस्तक होतं. उगाच उघडलं.

आणि डोक्यात शिरलं ते! तीन वर्षं ज्या पानावर डोकं आपटलं ते पान आपोआप उलटलं. कागद समोर असेल तर त्यात काय लिहिलंय ते कागदच सांगणार, तोंडी सांगणं चालत नाही—असं स्वच्छ कळत गेलं की मला हसू आलं. एकामागून एक. पेन्सिलीनं समासात लिहीत गेले. जगात दुसरं काही नव्हतं. काय सुख होतं ते, खोटं कशाला बोलू.

मान वर केली तेव्हा दारात पप्पा उभे होते. चार वाजून वीस मिनिटं.

दोन, तीन, चार. तीन फेऱ्या. तीन गुणिले अठ्ठावन्न रिकाम्या चौकटी. आवाज बंद केलेला मोबाईल सतरंजीखाली सरकला होता, तिथं तो इमानदारीत थरथरत बसला असणार. पुढच्या रांगेतली मोनिका—सातवीतली—हळूच म्हणाली, "ताई, मी दोनदा हाक मारली तुमाला."

विश्वजीत पळत आला. "काय नाय होत काका, आता घेऊ सह्या. पोरं इथंच व्हती की. कोण बघतंय?"

"नाय," पप्पा म्हणाले. "ज्या तासाची सही त्या तासालाच. खोटी सही या रजिस्टरावर चालणार नाय."

"काका, पोरांचा काय गुन्हा—"

"नाय म्हणलं ना."

मग माझ्याकडं. आवाज अजिबात चढवला नाही, तेच वाईट. हातातलं पुस्तक बघितलं, समासातल्या खुणा बघितल्या. "तीन तास बसलीस की. म्हंजी येतं तुला बसता."

शेवटी पाहुण्यांसमोर त्यांनीच माईक घेतला. यंदा प्रमाणपत्रं मिळणार नाहीत. रजिस्टर अपुरं आहे. चूक आमच्या घरची आहे. "दोन हजार बाराला मी स्वतः तीन तास गैरहजर होतो. मलाबी प्रमाणपत्र नाय मिळालं. नियम त्यो नियम." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या मागं माझा चार फुटी फोटो, सोनेरी किरणं. मोनिका रडत होती. अठरा तास बसलं पोरगं. खरोखर बसलं.

१४ एप्रिल

जयंती. ढोल घरापर्यंत ऐकू येतात. आयुष्यात पहिल्यांदा मिरवणुकीला गेले नाही. आई निळ्या काठाची साडी नेसून दोनदा दारापर्यंत गेली, दोनदा परत आली.

१६ एप्रिल

नळावर मोनिकाच्या आईनं भांडं बाजूला ओढलं. भांडली असती तर बरं.

पप्पा पाच दिवस बोलले नाहीत—चुकलं, चार. मोजायलाही येत नाही.

१८ एप्रिल

बोलले! ताटाशेजारी विहाराच्या कपाटाची चावी ठेवली. "जुनी रजिस्टरं काढ. वर्षवार लाव. वाळवी लागंल न्हायतर."

कळलं मला. शिक्षा आहे. सतरा वर्षांच्या भरलेल्या चौकटी एकेक करून बघायच्या आणि शेवटी माझं रजिस्टर ठेवायचं, तीन रिकाम्या रकान्यांचं. स्वतः का नाही लावत? चाळीस पावलांवर तर आहे विहार.

"सावकाश लाव," म्हणाले. "नीट बघून लाव."

नीट बघून! टोमणा मारायचा तर निदान नवा मारावा.

२० एप्रिल

चावी हरवली.

"झालं का रजिस्टराचं?" पप्पा सकाळी. "झालं का?" संध्याकाळी. एवढं तर कधी निकालाचं विचारलं नव्हतं.

आईला म्हणलं, यांना काय पडलंय एवढं त्या रद्दीचं? ती म्हणाली, "जा की मग. सांगतेत तर जा." आणि भांडी घासायला बसली, घासलेलीच.

२१ एप्रिल

चावी फ्रिजमध्ये, दह्याच्या भांड्याखाली. चावीनं तिथं काय करावं हे मला विचारू नये. पप्पांनी बघितलं. ओरडतील वाटलं. चावी पुसली, परत माझ्या हातावर ठेवली. "आज जा," म्हणाले.

गेले नाही. दवाखान्यातही जाणार नाही चोवीसला. काय घेऊन जाऊ? पुन्हा तेच प्रमाणपत्र?

२३ एप्रिल, बुधवार

गेले. २०१२ चं रजिस्टर अगदी वर होतं. त्यावरच धूळ नव्हती.

पहिली ओळ पप्पांची, दुसरी माझी. माझ्या सहा चौकटी निळ्या, वाकड्यातिकड्या. सातवीपासून काळी शाई. आधी वरची रेघ, पट्टीसारखी, मग खाली टांगलेलं माझं नाव. सात ते अठरा. बारा सह्या. आणि वरच्या ओळीत, त्यांच्या स्वतःच्या नावापुढं, सात, आठ, नऊ— गैरहजर. गैरहजर. गैरहजर. तीच शाई.

रजिस्टर घरी आणून आईपुढं ठेवलं. तिला वाचता येत नाही, तरी ओळखलं. "छावणीच्या बाजारात घावलीस," म्हणाली. "शेळ्यांत बसली व्हतीस. तीन तास हिंडलं ते माणूस उन्हात, पायात चप्पल नाय. पाहुणे यायचे व्हते, नाव लाऊन झालं व्हतं तुझं. झोपंतून उठवून हार घातला. मग खरं सांगायचं ऱ्हाऊनच गेलं."

तेरा वर्षं राहून गेलं. डॉक्टरसमोरही राहून गेलं.

पप्पा दारात उभे आहेत. आत येत नाहीत. मघाशी विचारलं, "मॅडम कितीला बसतात उद्या?"